भात्यावरचा हात

पुलगावच्या गिरणीत कामाला असलेल्या रूपरावांचा डावा हात तीस वर्षं पेटीचा भाता मारत आला होता. भजन असो, लग्न असो की हिरालालशेठचा ऑर्केस्ट्रा, उजव्या हाताला गाणं ठाऊक आणि डाव्याला वारा. अशा हाताला उतारवयात नवं वळण लावायचं म्हणजे बैलाला सायकल शिकवणं. पण चौऱ्याऐंशी साली शेठनं नागपूरहून भात्याविना विजेवर वाजणारा सिंथेसायझर आणला.

तेव्हा भुताच्या सिनेमांचं वेड होतं. पडद्यावर भूत यायच्या आधी त्या यंत्राचा आवाजच माणसाला घाम फोडायचा. शेठलाही गणपतीच्या कार्यक्रमात तसाच भुताचा खेळ हवा होता.

"रूपरावजी, जमलं तं तुमी बसा," तो म्हणाला. "नाई तं नागपूरच्या मास्तरले बोलावतो. मंग पेटीबी तोच वाजवन."

पेटी गेली तर आपण कोण, हे रूपरावांना खरंच ठाऊक नव्हतं.

थिएटरात जाऊन एकच सिनेमा ते सात वेळा डोळे मिटून ऐकून आले. डाव्या बोटानं जाड खर्ज दाबून धरायचा, उजव्यानं वर किंचाळायचं, एवढंच. पण डावा हात क्षणभरात पट्टी सोडून हवेत भाता मारू लागे, खर्ज तुटे आणि भूत शिंकल्यासारखं वाटे.

"बांधून टाका ना त्याले," बायको मनकर्णाबाई वैतागून म्हणाली.

त्यांनी ते मनावर घेतलं. कार्यक्रमाच्या दिवशी तिनंच लुगड्याच्या चिंधीनं त्यांचं मनगट स्टँडला करकचून बांधलं. दिवे मालवले, खर्ज लागला आणि तुटलाच नाही. पोरं आयांच्या पदरात शिरली. शेठ पडद्याआडून मान डोलावत होता. रूपरावांचे डोळे भरून आले.

दिवे लागले. पुढचं गाणं भक्तीचं, पेटीवरचं, त्यांचंच. पेटी हातभर अंतरावर होती, पण घामानं भिजलेली गाठ काही सुटेना. त्यांनी ती दातांनी ओढली. मघाशी घाबरलेले लोक हसू लागले. शेवटी मनकर्णाबाई बायकांतून उठून स्टेजवर चढली आणि तिनं गाठ सोडवली.

रूपराव पेटीवर बसले. उजवा हात पट्ट्यांवर फिरला, आवाज नाही. डावा हात लाकूड होऊन मांडीवर पडला होता.

"मारा ना जी भाता," ती पुटपुटली.

"हालतच नाई वं तो."

तिनं खाली बसून स्वतःच भात्याला हात घातला. सूर निघाला, पण धापा टाकत. पडद्याआडची मान आता डोलत नव्हती. शेठनं माइक बंद केला, तरी रूपराव वाजवतच राहिले.