शकीलानं मागितलेली सही

शकीला गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो कट केला. अनोळखी नंबर, घाबरलेला पुरुषी आवाज आणि ‘दवाखान्यातून बोलतोय’ अशी सुरुवात... असल्या फोनना भुलू नका, हे मी बावधनच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरते. दुसऱ्यांदा वाजला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा मात्र दरडावून विचारलं, “शकीलाचे जावई म्हणवता ना? मग तिच्या आईचं नाव सांगा बघू.” बिचाऱ्याला सांगता येईना. सासूच्या आईचं नाव कुठल्या जावयाला पाठ असतं? मी पोलिसांचं नाव काढणार एवढ्यात फोन कुणीतरी काढून घेतला आणि सुलूचा आवाज आला. “इजे, ठिवू नगंस. खरं हाय. शकी गेली.” त्यावरही माझ्या तोंडून निघालं ते, “तुला कोणी सांगितलं?” पलीकडे सुलू रडत होती आणि मी खात्री करून घेत होते.

स्वभावाला औषध नाही म्हणतात, आणि माझ्या स्वभावाला तर नोकरीनं खतपाणीच घातलं. जमिनीचे दस्त नोंदवण्याच्या सरकारी कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली. मेलेल्या माणसाच्या जागी दुसराच उभा राहून अंगठा देताना पाहिलाय, सख्ख्या बहिणीला ‘नुसती हजेरीची सही’ म्हणून फसवताना पाहिलंय. मुळशीत जमिनीचा भाव चढला तसा तिथं एक नवाच रिवाज पडला. एजंट पुण्यातल्या माणसाला सहलीला नेतो, धरण दाखवतो, कणीस खायला घालतो आणि चार वाजता जागेवर उभं करतो. आमच्या कार्यालयात म्हणच पडली होती, ‘आधी धबधबा, मग सातबारा’. विजारी अजून ओल्या असलेली गिऱ्हाइकं मी माझ्या टेबलासमोर पाहिली आहेत. त्यामुळे मुळशीत कोणी फुकट निसर्ग दाखवायला निघालं की मी आधी त्याच्या पिशवीकडे बघते.

शकीला, सुलू आणि मी पौडच्या शाळेत एका बाकावर बसायचो. सुलू लग्न होऊन मारुंजीला गेली. तिच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत, पण तिची भाषा काही शेतातून निघाली नाही. मी नोकरी धरून पुण्याकडे सरकले. शकीला पौडमध्येच राहिली आणि नवऱ्याच्या घरचं बांगड्यांचं दुकान पुढे तिनंच चालवलं. बाजारच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरून बायका यायच्या, ही एकेकीचा हात मऊ करत, गप्पांत गुंतवत बांगड्या चढवायची. तिला गिऱ्हाइकं मनगटावरून आठवायची. मीही जन्मभर लोकांचे हातच धरले, पण ठसा नीट उमटावा म्हणून, आणि त्यातल्या एकाचाही चेहरा मला आज सांगता येणार नाही.

माझा संशय तिच्या एकदा चांगलाच कामी आला होता. नवरा गेल्यावर दोन महिन्यांत तिचा दीर एक कागद घेऊन आला, ‘भाभी, नुसती सही करा, लाइटबिल तुमच्या नावावर करायचंय’ म्हणाला. ती करणारच होती. मी योगायोगानं तिथं होते, कागद ओढून वाचला, तर तो दुकानावरचा हक्क सोडल्याचा निघाला. त्या दिवशी मी तिला चांगलीच झापली होती. “कोणी सही मागितली की आधी नाही म्हणायचं, मग वाचायचं. लक्षात ठेव.” तेव्हापासून घरपट्टीच्या पावतीपासून मुलाच्या मस्कतच्या नोकरीच्या कागदापर्यंत सगळं माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय ती पुढे पाठवायची नाही. ‘विजूनं वाचलंय’ म्हटलं की तिच्या लेखी विषय संपला.

अशी ही बाई, जिनं चाळीस वर्षांत दुकानाला मंगळवारची सुट्टीसुद्धा दिली नव्हती, तिचा सप्टेंबरअखेर फोन आला. “परवा दुकान बंद ठेवतेय. तू आणि सुलू या. मुळशी बघू.”

“मुळशी काय बघायचीय? जन्मलो आपण तिथं.”

“जन्मलो गं. बघितली कुठं?”

माझे कान तिथंच उभे राहिले. भूगावच्या चौकात गाडी मला घ्यायला आली, ती तिच्या पुतण्याची, ड्रायव्हरसकट. हा पुतण्या प्लॉटिंगच्या धंद्यात आहे, त्याच्या टेबलाच्या काचेखाली नकाशा आणि मागे धबधब्याचं पोस्टर आहे, हे मला ठाऊक होतं. आणखी काय पुरावा हवा? मी मागच्या सीटवर बसले ती वकिलासारखीच. सुलू खिडकीला नाक लावून ‘आगं, ते पिवळं भात बघ’ करत होती, शकीला खुशीत होती, आणि मी रस्त्याकडेच्या एन. ए. प्लॉटच्या पाट्या मोजत होते.

धरणाची भिंत सगळे थांबतात तिथून पाहिली. पण नंतर शकीला भलतीकडेच गाडी थांबवायला लागली. डांबरी सोडून कच्च्या रस्त्यानं एका वाडीवर नेलं. एक बाई हात पुसत पुढे आली. “आगं बया, भाभी! तुमी हितं कशा काय?”

“तू सांगायचीस ना, मागच्या दारातनं पाणी दिसतं म्हणून. म्हटलं बघून यावं.”

दोघी घरामागे गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी तेवढ्यात जागेचा उतार, रस्ता किती लांब, कुंपण कुणाचं, सगळं नजरेखालून घातलं. शकीला आली ती डोळे भरून. “किती शांत आहे ना? इथं राहावं असं वाटतं.” झालं! माझ्या मनानं लगेच नोंद केली. पुढच्या वाडीवर तेच. कोरा चहा आला, पाहुणचार झाला, “तुझं जांभळीचं झाड कुठलं गं?” असली चौकशी झाली. तिथल्या म्हातारीनं शकीलाचं मनगट धरलं आणि सोडेचना. “भाभी, हात लई बारीक झाला. ह्या बांगड्या तर कोपरापतुर चालल्या. काय दुखतंय का?” शकीला म्हणाली, “वय झालं, मावशे.” हे मी ऐकलं, अगदी स्पष्ट ऐकलं. पण मी तेव्हा म्हातारीच्या नावावर किती गुंठे असतील याचा अंदाज बांधत होते. मैत्रिणीचा हात वाळलाय हे एका परक्या म्हातारीला दिसलं आणि मला नाही, याची लाज मला आजही वाटते.

ताम्हिणी घाटात पोहोचेपर्यंत दोन वाजले. धबधबे बारीक झाले होते, गर्दी मात्र होती, कठड्यावर चढून पोरीबाळी व्हिडिओ काढत होत्या. सुलूला आपला फोटो धुक्यात हवा होता, म्हणून ती ड्रायव्हरला घेऊन खालच्या वळणावर गेली. आम्ही दोघी कठड्याशी कणीस घेऊन उभ्या राहिलो. शकीला बराच वेळ दाणे सोलत राहिली, खाल्ले नाहीत. मग म्हणाली, “विजू... तुझी एक सही लागेल मला.”

सकाळपासून मी याच वाक्याची वाट बघत होते. “हे बघ शकीला,” मी म्हणाले, “मी कुठंही सही करणार नाही. जागा कितीही चांगली असू दे, साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही. तुझ्या पुतण्याला सांग, मैत्रीत हे आणू नको म्हणावं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग जी हसायला लागली ती पदर तोंडाला लावून, खोकला येईपर्यंत. “बरं बाई. नको करूस.” आणि तिच्या वाटणीचं कणीस माझ्या हातात ठेवलं. परतीच्या वाटेवर ती सुलूच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, “आज वाचले.”

तीन आठवड्यांनी तो फोन आला. पौडला पोहोचले तर दुकानाच्या बंद फळीशी सुलू बसली होती. तिनंच सगळं सांगितलं. शकीलाच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती, ऑपरेशन ठरलं होतं. मुलगा मस्कतला नुकता रुजू झालेला, त्याला कळलं असतं तर नोकरी सोडून आला असता. लेक नसरीन साताऱ्याला सासरी, दुसऱ्या खेपेचा नववा महिना. मग जावयालाही सांगायचं नाही. दवाखान्याला संमतीसाठी जवळच्या माणसाची सही हवी होती. “मला म्हणली, इजूलाच सांगते, ती कागद नीट वाचती,” सुलू म्हणाली. “आनं त्या बाया तिला कवापासनं बोलवत व्हत्या, म्हणून आधी त्यांची घरं बघून घेतली. काय सांगावं, न्हाई उठले तर... असं म्हणली.” ऑपरेशन नीट झालं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे हृदय थांबलं. सही सुलूनं केली होती, न वाचता.

“मला का नाही सांगितलंस?”

“शप्पथ घातली व्हती तिनं. म्हणली, इजूला कळलं तर जन्मभर मनाला लावून बसंल.”

माझ्या सहीनं ती वाचली नसती, एवढं मला कळतं. पण ऑपरेशनला आत जाताना माणूस मागे वळून बघतं तेव्हा तिथं मी असायला हवी होते, तिनं तिथं मलाच बोलावलं होतं. आधी नाही म्हणायचं, मग वाचायचं, हे मीच तिला शिकवलं. मी नाही म्हणाले आणि वाचायचं राहून गेलं... सुलू म्हणते, ती तुझ्यावर रागावली नव्हती, दवाखान्यात भुलीच्या आधीसुद्धा ‘प्लॉट’ आठवून हसत होती. सुलू आयुष्यात खोटं बोललेली नाही, तरी हे ती माझं मन राखायला म्हणत असेल असा संशय माझ्या मनातून जात नाही. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मला रडू येईल बहुतेक.

चाळिसाव्याला पुन्हा पौडला गेले. नसरीन महिन्याभराचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. जेवणं आटोपल्यावर तिनं एक प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे ठेवली. “मावशी, अम्मीचे कागद. ठेवायचे कुठले, टाकायचे कुठले, ते तुम्हालाच कळेल.” मी सवयीनं एकेक वाचून बाजूला ठेवत गेले. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि मग दवाखान्याच्या संमतीपत्राचा एक फॉर्म. सुलूनं सही केलेला दवाखान्यातच राहिला असणार, हा त्याच्या आधीचा. ‘जवळच्या नातेवाइकाचे नाव’ या ओळीत शकीलाच्या शाळकरी गोल अक्षरात माझं पूर्ण नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट. पुढे ‘नाते’ या रकान्यात लिहिलं होतं, बहीण. सहीची जागा कोरी होती.

नावावर आडवी रेघ मारलेली होती. नाव निळ्या शाईत आणि रेघ काळ्या. म्हणजे नाव आधी कधीतरी निवांत बसून लिहिलेलं, आणि रेघ नंतरची, घाटातून परतल्यावरची. हे ताडायला मला एक क्षणही लागला नाही, असलीच कामं मी जन्मभर केली. पण त्या कामाचा एक नियमही आहे. लिहिलेलं खोडलं तर खोडणाऱ्यानं शेजारी छोटी सही करायची असते. ती नसेल तर आमच्याकडे ती खाडाखोड धरत नाहीत, मूळ लिहिलेलंच खरं मानतात. मी चष्मा पुसून पाहिलं, कागद उजेडाकडे धरून पाहिला. रेघेच्या दोन्ही बाजूंना काही नव्हतं.

“हा टाकायचा ना, मावशी?” नसरीननं हात पुढे केला.

“नाही,” मी म्हणाले. “हा अजून चालतो. जरा पेन दे.”