वय अधिक एक

काल दुपारी रंगूनचा शिक्का असलेलं पत्र आलं. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत परदेशचं टपाल फक्त माझ्याकडे येतं, म्हणून पोस्टमन दारातूनच हाक मारतो... मी तव्यावरची पोळी तशीच टाकून धावले.

दिवाळीपासून या पत्राची वाट बघत होते. अक्षर नेहमीचंच, तिकडच्या बाईंच्या मुलीचं. पण पाकीट फार पातळ लागलं हाताला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सात वर्षांपूर्वी ब्रह्मदेशात भूकंप झाला, तेव्हा नाशिकहून आम्ही चौघी सेवापथकातून तिकडे गेलो होतो. चार महिने मलमपट्ट्या केल्या, पेज वाटली. मी आणि गंगू एका खेड्यात दॉ खिन नावाच्या बाईंकडे राहिलो. दॉ म्हणजे आपल्याकडच्या मावशी-काकूसारखं. भूकंपात त्यांचं अर्धं घर पडलं होतं, आणि उरलेल्यातली बरी खोली त्यांनी आम्हाला दिली.

त्यांची मुलगी, मा थान, मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली. दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करायची ती.

एप्रिलात त्यांचं नवं वर्ष असतं, पाण्याचं. देवळाभोवती प्रत्येक वाराचा एक कोपरा, आणि प्रत्येक वाराचा एक प्राणी. आपला जन्म ज्या वाराचा, त्या कोपऱ्यात पाणी घालायचं... जितकं वय तितके पेले, आणि वर एक. तो वरचा एक येणाऱ्या वर्षासाठी.

मी शनिवारची. जन्मले तेव्हा घरात कोणी साखरसुद्धा वाटली नाही म्हणे. दॉ खिननी मात्र टाळी वाजवली. "शनिवार? म्हणजे नाग! छान!" आणि भर उन्हात उभं राहून माझ्या वयाचे पेले स्वतः मोजून घातले.

आम्ही परत आलो तरी त्या दर वर्षी माझे पेले घालत राहिल्या. मा थान आकडा कळवायची... सदतिसाव्या वर्षी अडतीस, मग एकोणचाळीस, मग चाळीस.

इकडे आम्ही गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, त्यांचे घालतो. त्या सोमवारच्या, म्हणजे वाघ. घाटाच्या एका पायरीवर गंगू गेरूनं वाघ काढते, आणि दर वर्षी त्याचं मांजर होतं. आधी चौघी जमायचो. एकीच्या यजमानांची बदली झाली, एकीला घरचे येऊ देईनात. आता आम्ही दोघीच.

यंदा मी फुलपात्रानं पाणी घालत होते, तेवढ्यात एक भटजी थांबले.

"काय हो बाई, कोणाचं तर्पण?"

"तर्पण नाही. माणूस जिवंत आहे."

"जिवंत? अहो, जिवंत माणसाला पाणी देतात का कोणी? भलतंच! नाव काय, गोत्र काय त्यांचं?"

"गोत्र वाघ," गंगू म्हणाली.

भटजींनी पायरीवरच्या मांजराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि "अभद्र आहे हे, सांगून ठेवतो," म्हणत निघून गेले. गंगू हसत सुटली. मला हसू आलं नाही. दिवाळीनंतर पत्र नव्हतं. ब्रह्मदेश आता हिंदुस्थानापासून वेगळा झालेला, आणि तिथल्या हिंदी, म्हणजे आपल्याकडून गेलेल्या, लोकांवरच्या रागाबद्दल वर्तमानपत्रात काहीबाही येत होतं.

"चल गं, एकसष्ट झाले. वरचा एक राहिला," गंगू म्हणाली. मी घातला. पण निम्मं पाणी माझ्याच पायावर सांडलं...

काल पत्र उघडलं. दॉ खिन पौषातच गेल्या होत्या. आम्ही घाटावर उभ्या होतो, तेव्हा त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

संध्याकाळी गंगू आली. दॉ खिन गेल्याचं ऐकून तिथेच ओट्यावर बसली. "म्हणजे ते भटजी..." एवढंच म्हणाली. ज्या पाण्यासाठी मी भांडले, ते खरोखरच गेलेल्या माणसाला मिळालं होतं. एकसष्ट पेल्यांचं मी समजू शकते. पण तो वरचा एक? ज्यांना पुढचं वर्षच नव्हतं, त्यांच्या नावानं घातलेला...

पत्राचा शेवट मी गंगूला मोठ्यानं वाचून दाखवला. आईनं जाताना बजावलं होतं, नाशिकच्या नागाचे पेले चुकवू नकोस. म्हणून यंदा मा थान एकटीच देवळात गेली. चव्वेचाळीस पेले घालायचे म्हणजे वेळ लागतो. शेजारच्या बायकांनी विचारलं, कोणासाठी गं एवढे? ती म्हणाली, मावशीसाठी. कुठली मावशी?

"मंडालेची मावशी म्हणून सांगितलं," तिनं लिहिलं होतं. "हिंदी म्हणायची भीती वाटली. खोटं बोलले, मला क्षमा करा. पेले मात्र पूर्ण घातले."

गंगूनं पदरानं डोळे पुसले. "पोर घाबरत घाबरत मोजत असेल गं..."

रात्रभर तेच डोळ्यांसमोर होतं. आज सकाळी उत्तर लिहायला बसले. क्षमा कसली मागतेस, मावशी म्हणालीस तेवढं खरंच होतं, असं लिहिलं. दॉ खिनबद्दल लिहायला गेले तर चार ओळींच्या पुढे जाता येईना.

मग लक्षात आलं, सात वर्षांत या मुलीला मी एक गोष्ट कधी विचारलीच नाही. दॉ खिन आणि मी, आमच्या दोघींच्या मध्ये बसून ती आमचंच बोलणं पोचवत राहिली, तिचं स्वतःचं कोणी विचारलंच नाही. ब्रह्मदेशात माझं माणूस म्हणून आता ती एकटीच आहे.

पत्राच्या शेवटी लिहिलं... मा थान, तुझा वार कोणता? आणि वय किती? गंगूला आतापासून प्राणी काढायचा सराव करायला हवा.