उजवीकडचा पोशा

जूनच्या सुरुवातीला वीटभट्टी बंद झाली आणि पोशा वाडीवर परतला, तेव्हा त्याच्या अंगावर चरबी नावालाही नव्हती. सात महिने विटा वाहून दंडाच्या शिरा वेलीसारख्या वर आल्या होत्या, पोटावर सहा चौकोन उमटले होते. त्याची बायको भागी म्हणायची, "तुझ्या बरगड्यांवर धुणं वाळत घालता येल."

पळसदरीच्या धरणाजवळ एका फार्महाऊसवर मनोज शनिवार-रविवारी फिटनेस शिबिर घ्यायचा. शेलूला त्याची छोटी जिम होती. कुंपणाचे खांब रोवायला आलेल्या पोशाने घामाने सदरा काढला आणि मनोज बघतच राहिला.

"घालू नकोस रं," तो म्हणाला. "असाच राहा."

तेच पोशाचं काम झालं. पाहुण्यांसमोर उघड्या अंगाने चढावर टायर ओढायचा, आणि कोणी विचारलं तर पाठ केलेलं सांगायचं. मनोजची सगळी विद्या वेळेची होती. व्यायामाच्या दोन तास आधी थोडी भाकरी नाहीतर रताळं, व्यायामानंतर तासाभरात भात, एरवी यातल्या कशालाही हात लावायचा नाही. भागी तिथे भांडी घासू लागली. तिला दुसरा महिना होता. पहिलं मूल भट्टीवरच जन्मलं आणि आठ दिवसांत भट्टीवरच गेलं. हे काम टिकलं तर दिवाळीनंतर तिकडे जावं लागणार नव्हतं. पोशाला एवढंच हवं होतं.

"भाऊ, तुम्ही कार्ब कधी घेता?" पाहुणे विचारत.

"व्यायामानंतर, तासाभरात," पोशा म्हणे.

एका रविवारी त्याला पाठ केलेल्याचा विसर पडला. "मिळंल तवा," तो म्हणाला. पाहुणे पोट धरून हसले, एकाने व्हिडिओ काढला. मनोज हसला नाही.

पाहुणे भाताला भीत. ताटात वाढलेला तसाच ठेवून ते वजनकाट्यावर जाऊन उभे राहत. उरलेली पातेली भागी घरी नेई. रेशनचा तांदूळ एरवी वीस तारखेला संपायचा, तो आता डब्यात शिल्लक राहू लागला. गणपतीपर्यंत पोशाच्या पोटावरचे चौकोन सारवल्या जमिनीवरच्या रेघांसारखे बुजून गेले.

मनोजने सगळ्यांसमोर त्याचं पोट चिमटीत धरलं. "काय रं पोशा, कितवा महिना?"

हशा पिकला. भागी खाली मान घालून पातेलं घासत राहिली. तिला पाचवा होता.

"दर आठवड्याला गुरुवारपासून भात बंद," मनोजने सांगितलं. "शनिवारी टायर ओढून झाल्यावर मिळेल. कमवून खा."

काम टिकावं म्हणून पोशाने ऐकलं. तिसऱ्या शनिवारी चढावर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो मटकन खाली बसला. मनोज धावत आला. आता हाकलणार, असं पोशाला वाटलं.

"उठू नकोस," मनोज म्हणाला. त्याने मोबाइल समोर धरला. "पोट सोड. अजून सोड. मान खाली. मस्त."

संध्याकाळी पोशा भागीला म्हणाला, "सर खूश हाय. काम टिकलं."

पुढच्या शुक्रवारी फाटकावर बॅनर लागला. त्यावर दोन पोशा होते. डावीकडे पोट सोडून बसलेला, उजवीकडे जूनमधला, चौकोनांचा. पोशाला वाचता येत नव्हतं. भागी आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकली होती. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. "आधी. नंतर. फक्त नव्वद दिवसांत." मग ती थांबली. "उलटं हाय रं. बारीक होतास तो आधी. हा नंतरचा."

लोक सरांना हसतील, म्हणून पोशा लगबगीने आत गेला. "सर, फोटू उलटं लागलं. भागीनं वाचलं."

मनोज डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने डोळे पुसले. "बरोबर लागलेत. आणि हे बघ, उद्यापासून येऊ नकोस. पाहुण्यांनी तुला असा बघितला तर बॅनर खोटा पडेल."

"आन् भागी?"

"तीही नको. वाचते ती."

दिवाळीनंतर भट्टीचा टेंपो त्याच फाटकासमोरून गेला. बॅनर वाऱ्याने फुगला होता. दोघांनी तिकडे पाहिलं नाही.

भट्टीवर भात दिवसातून एकदाच, विटा पाडून झाल्यावर. मनोजने सांगितलेली वेळ तिथे कोणी न सांगता पाळली जात होती. भागीला नववा लागला होता. ती साच्यात चिखल दाबत होती. पोशा डबक्यावर अंग धुऊन आला, तेव्हा तिने मान वर केली.

"आता कंच्या बाजूचा हायस?"

पोशाने खाली पोटाकडे पाहिलं.

"उजव्या," तो म्हणाला.

बॅनरवर नव्वद दिवस लिहिले होते. त्याला पन्नास पुरले.