रेश्माचा होकार

रेश्मा नऊ वर्षांची असताना तिच्या बापाने, आसारामने, दोघी लेकींना श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसवलं आणि "चहा पिऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. आई आदल्या साली काविळीने वारली होती. दोन वर्षांची रुपाली मांडीवर झोपलेली, म्हणून रेश्मा जागची हलली नाही. दिवस कलल्यावर कंट्रोलरने पोलिसांना बोलावलं. तिने जामखेडकडचं गाव, बापाचं नाव, सगळं बरोबर सांगितलं. पोलिसांनी आसारामला हुडकून काढलं. त्याने दुसरा घरोबा केला होता. पोरी नकोत, असं त्याने नगरला बालकल्याण समितीपुढे लिहून दिलं. बाहेर व्हरांड्यात लेकी उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता तो जिना उतरून गेला.

समितीने दोघींना एकाच संस्थेत ठेवलं, पण रुपाली शिशुगृहात आणि रेश्मा पलीकडच्या इमारतीत, मोठ्या मुलींच्या बालगृहात. मधे जाळीचं दार. शिशुगृहातल्या लंकाबाई मावशी जेवणाच्या वेळी ते दार रेश्मासाठी उघडायच्या, कारण रुपाली दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही.

"तिला भाकर दुधात कुस्करून लागती," रेश्माने मावशींना बजावलं होतं. "अन् पयला घास मी खाल्ला तरच ती खाती."

वर्षभराने संस्थेतल्या सुनील सरांनी तिला कार्यालयात बोलावलं. मुलांना दत्तक द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, बिस्कीट दिलं. पुण्याचं एक जोडपं रुपालीला न्यायला तयार आहे, म्हणाले.

"मला बी नेतील?"

"त्यांना एकच हवी आहे. लहान."

"मंग नको."

सर रागावले नाहीत. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "दोघींना घेणारं घर मिळायला वर्षं जातील. तोवर रुपाली मोठी होईल. मोठ्या मुलीला कुणी नेत नाही, तू बघतेसच. मग तीही इथेच राहील, आणि ते तुझ्यामुळे होईल. तुला चालेल का?"

रेश्मा बराच वेळ टेबलाच्या कडेला नख लावत राहिली. बहिणींना वेगळं करायचं तर मोठीचं म्हणणं कागदावर लागत होतं. ते विचारायला जी माणसं होती, त्यांनी उत्तर आधीच ठरवलं होतं. तिने विचारलं, "मला भेटाया आनतील?"

"बघू," सर म्हणाले.

ती "व्हय" म्हणाली आणि तिने सही केली. सर म्हणाले, शहाणी आहेस.

रुपाली गेली त्या दिवशी मोठ्या मुलींना मुद्दाम शाळेत लवकर धाडलं होतं. रेश्मा परत आली तेव्हा जाळीच्या दाराला कुलूप होतं. पुढे ते तिच्यासाठी कधी उघडलं नाही. तिने पत्ता मागितला, तर पत्ता देता येत नाही असा नियम निघाला. फोटो मागितला, तर सर म्हणाले, तिला विसरू दे, तिच्या भल्याचंच आहे. रेश्माने तेही ऐकलं. आपण ऐकलं तर तिकडे तिचं नीट होईल, असं तिने मनाशी धरलं होतं.

सात वर्षं गेली. दहावी होऊन रेश्मा नर्सिंगचा छोटा कोर्स करत होती. एक दिवस लंकाबाई धुण्याच्या दगडाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, बसून घे. तुझी रुपाली माघारी आलीया."

त्या जोडप्याला स्वतःचा मुलगा झाला होता. मग पोरगी खोटं बोलते, बाळाला चिमटे काढते, तिला आमचा लळाच लागला नाही, असं सांगून त्यांनी तिला दोन बॅगांसकट परत आणून सोडलं होतं.

रेश्मा ओल्या हातांनीच धावली. व्हरांड्यात दहा वर्षांची, चष्मा लावलेली मुलगी बॅगेवर बसली होती.

"रुपे, मी तुझी ताई."

"माझं नाव मनवा आहे," मुलगी म्हणाली. पुण्याची स्वच्छ बोली होती तिची. "तू रेश्मा ना? आई सांगायची. तुझ्या सख्ख्या बहिणीनंच सही करून दिली, म्हणायची. मी बाळाला मारलं की म्हणायची."

रेश्माला पुष्कळ सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "मी धा वर्षांची हुते."

"मीपण दहा वर्षांची आहे," मनवा म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

अठराव्या वर्षी नियमाप्रमाणे रेश्माला बालगृह सोडावं लागलं. एका दवाखान्यात काम धरलं, दवाखान्यामागेच खोली घेतली, दुसरी खाट आणली. एकविसाव्या वर्षी तिने नगरला समितीपुढे अर्ज केला: बहिणीला माझ्याकडे द्या. समितीच्या बाईंनी तिची विचारपूस केली. लग्न झालेलं नाही, खोली एकच, ड्यूटी पाळीची. तरी त्यांनी सरळ नकार दिला नाही. मुलीला विचारू, म्हणाल्या. कायद्याने मुलीचं मत घ्यावं लागतं.

मनवाला आत बोलावलं. ती तेव्हा चौदाची होती. रेश्माकडे तिने एकदा बघितलं.

"हिच्याकडे नको. कुठेही पाठवा."

बाईंनी मान डोलावली आणि या खेपेला मुलीचा शब्द जसाच्या तसा लिहून घेतला.

तरी रेश्मा महिन्यातल्या पहिल्या रविवारी जायची. कधी मनवा यायची, समोर बसून नखं खायची आणि "तू कधी जाणार?" विचारायची. कधी यायचीच नाही. गेल्या जूनमध्ये रेश्मा गेली तेव्हा दारावरच्या बाईने सांगितलं, मनवाला तिच्याच मागणीवरून दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात हलवलं आहे. कुठल्या, ते सांगायचं नाही असं मुलीनेच लिहून दिलं होतं.

दुपारपाळी दोनला लागायची. रेश्मा चालतच दवाखान्यात गेली. बाळंतिणीच्या वॉर्डात सकाळी बाळंत झालेली एक बाई, मुलगी झाली म्हणून, भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोर पाळण्यात रडत होतं. रेश्माने ते उचललं, आईच्या कुशीत ठेवलं आणि ती तोंड वळवील म्हणून वाट बघत खाटेशी उभी राहिली. बाईने तोंड वळवलं नाही.