अमावस्येला हुकलेला कॅशबॅक

लातूरला कॉलेजात आलो तेव्हा वर्षभराच्या प्लॅनसकट मोबाइल घ्यायचं ठरलं. काका म्हणाले, चाकूरच्या दुकानात घेऊ. मी मात्र कॅशबॅकच्या साइटवरून घेतला की काही पैसे परत मिळतात, असं सगळ्यांना समजावलं. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे वडिलांनी लगेच मानलं.

त्या साइटवरून मोबाइल कंपनीच्या पानावर गेलो, माहिती भरली आणि पैसे भरण्याआधी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "आज अमावस्या हाय बाळा. नवी वस्तू उद्या घे."

दुसऱ्या दिवशी मी थेट कंपनीचं पान उघडून पैसे भरले. पुन्हा कॅशबॅकच्या साइटवरूनच जायला हवं होतं. तसा नियम तिथे लिहिलेला होता, पण लांबलचक इंग्रजी बघून मी तो वाचलाच नव्हता. कॅशबॅक आला नाही. वडिलांना मी फोनवर हे सगळं खरं सांगितलं.

दिवाळीला गावी गेलो तर काकांनी अंगणातच गाठलं. "काय साहेब, आला का तुमचा कॅशबॅक? का अजून वाटंतच हाय?"

मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं, आजच घ्यावं लागतंय म्हणून. मीच अमावस्येपायी थांबवलं."

"मग तुझ्यामुळंच गेला की," काका हसले. वडीलही हसले.

मी तसं काहीच सांगितलं नव्हतं. तरी मी मान खाली घालून काकांना वडिलांवर हसू दिलं.