हत्ती झोपला का?

आमचा योगाचा क्लास सुटला की हॉलच्या फरशीवर काय काय सापडतं! केसांच्या पिना, रबरबँड, एखादं कानातलं, एकदा तर अर्धा खाल्लेला बदाम. कुसुमताई ते सगळं एका बिस्किटांच्या डब्यात टाकतात. घ्यायला कुणी येत नाही आणि डबा काही रिकामा होत नाही. किस्स्यांचं अगदी असंच आहे. मुद्दाम कुणी आणत नाही, पण चार बायकांनी रोज पाठ टेकली की गळतातच. परवा मैत्रिणींना एकेक सांगत बसले, तर चहा दोनदा गरम करावा लागला!

हॉल म्हणजे पडेगावातल्या एका छोट्या मंगल कार्यालयाचा वरचा मजला. ज्या सकाळी कार्य नसेल, त्या सकाळी तो आमचा. भिंतीला एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात केटररची तपेली, स्टेजवर कुणाच्या तरी लग्नातली थर्माकोलची कमान. त्या कमानीकडं तोंड करून आम्ही सूर्यनमस्कार घालतो.

आमच्या शिक्षिका कुसुमताई एसटीत कंडक्टर होत्या. सगळी नोकरी पैठणच्या गाड्यांवर. रिटायर झाल्यावर त्यांनी योगाचा रीतसर कोर्स केला, पण आवाज मात्र गाडीतलाच राहिला.

पहिल्या दिवशी मी मॅट छातीशी धरून दारातच उभी होते. आत जावं की घरी जावं, याचा विचार चालला होता. आतून आवाज आला, "दारात उभं राहू नका! आत सरका, मागं जागा आहे!"

मी अशी दचकले की मॅट हातातून सुटली आणि गडगडत पार खालच्या पायरीपर्यंत गेली.

कुसुमताईंनी वाकून पाहिलं. "सामान उतरलं, पॅसेंजर राहिला! जा, घेऊन ये."

*

माझं दचकणं हा घरात जुना विषय आहे. कुकरच्या शिट्टीला मी दचकते. कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे ठाऊक असतं, तरी दचकते.

कुसुमताईंकडं एक पितळी घंटी आहे. आसन सुरू करताना दोनदा वाजवायची, संपवताना एकदा. "डबल बेल म्हणजे गाडी सुटली, सिंगल बेल म्हणजे थांबली," असा त्यांचा हिशोब. मी दोन्हींना दचकायचे. वृक्षासनात एका पायावर असताना तर शेजारणीला घेऊनच पडायचे.

शेवटी ताईंनी तोडगा काढला. घंटी वाजवायच्या आधी माझ्याकडं बघून हळूच म्हणायच्या, "वाजवते हं."

आठवड्याभरात मी त्या ‘वाजवते हं’ला दचकायला लागले!

*

मी या क्लासला का गेले, हे मी सुरुवातीला कुणाला सांगितलं नव्हतं. मी चित्रं काढते. लहान मुलांच्या एका पुस्तकाचं काम मिळालं होतं. पहिलंच, मुखपृष्ठावर माझं नाव येणार असलेलं. गोष्ट एका हत्तीची. आपण झोपेत कूस बदलली आणि एखादी मुंगी चिरडली तर, या भीतीनं त्याला झोपच लागत नाही. शेवटच्या पानावर तो झोपतो.

सगळी पानं झाली, शेवटचं होईना. किती हत्ती काढले! एकही झोपलेला वाटेना. हात कागदाजवळ नेला की खांदे कानापर्यंत चढायचे. आई म्हणाली, "त्या हत्तीचं राहू दे, आधी तू नीट झोप. जा कुठंतरी योगाला."

*

नसीम आपांचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. मशीनवर वाकून वाकून मान आखडली, म्हणून त्या यायला लागल्या. एका सकाळी ताईंनी सिंहासन शिकवलं. गुडघ्यांवर बसायचं, डोळे वटारायचे, जीभ हनुवटीपर्यंत काढायची आणि गर्जना करायची.

आपा पदर तोंडाला लावून बसल्या. "नक्को बाई! सबके सामने जबान निकालूं? सासूमाँ देखेगी तो क्या बोलेगी!"

सासूमाँ जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ताई म्हणाल्या, "आपा, डोळे मिटा. ब्लाउज शिवून झालाय, हूक लावून झालेत, आणि गिऱ्हाईक आलंय. म्हणतंय, बाह्या जरा लांब करून द्या."

आपांनी डोळे मिटले. एक श्वास घेतला. आणि जी गर्जना केली! खाली केटररची माणसं टेम्पोतून भांडी उतरवत होती. तिथं काहीतरी मोठं धाडकन पडलं. एक जण धावत वर आला. "मॅडम, कुणाला लागलं का?"

आपांनी जीभ आत घेतली, मान डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली. "घबराओ नक्को भाई," त्या म्हणाल्या, "कपडा गिऱ्हाइकाचाच कम था."

मी मात्र त्या वेळी अजिबात दचकले नाही. गर्जनेची माझी पाळी आधीच होऊन गेली होती आणि मी माझ्याच गर्जनेला दचकून गप्प बसले होते.

*

देशमुख काकू मूळच्या पैठणकडच्या. तिकडं शेती, इकडं मुलाची नोकरी, म्हणून त्या शहरात. आसनं झटपट करायच्या, पण शवासन आलं की उठून बसायच्या.

"दिवसाउजेडी आडवं पडायचं? आमच्यात बाई आडवी पडली म्हंजे आजारी तरी, नाय तर बाळंत तरी!"

म्हणून आम्ही शवासनात असताना काकू भिंतीला टेकून लसूण सोलायच्या. ताई म्हणायच्या, "मन शांत करा, कसलाही विचार करू नका," आणि आम्ही सगळ्या डोळे मिटून फोडणीचा विचार करायचो.

एकदा ताई काकूंजवळ जाऊन बसल्या. "काकू, नोकरीत मी एवढ्या लोकांना हलवून हलवून उठवलंय ना! उठा बाबा, तुमचा स्टॉप आला. इतके गोड झोपलेले असायचे, जिवावर यायचं. तेव्हाच ठरवलं होतं, रिटायर झाले की कुणाला उठवायचं नाही. इथं झोपलेल्याला कुणी उठवत नाही. पडून तर बघा."

"पडते. पण झोपणार नाय, आधीच सांगते," म्हणत काकू लसणाची पिशवी पोटावर घेऊन आडव्या झाल्या.

थोड्याच वेळात पिशवी संथ वर-खाली व्हायला लागली. मग घोरणं. क्लास सुटला, काकू झोपलेल्या. आम्ही चपला हातात घेऊन जिना उतरलो. मुलगा शोधत आला तर कुसुमताई दारात आडवा हात लावून उभ्या. "गाडी थांबल्याशिवाय पॅसेंजर उतरवता येत नाही. घरी जा, तोवर काहीतरी शिजायला लावा."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या फणकाऱ्यातच. "पोरानं खिचडी केली व्हती. निस्ती खारट!"

मग मॅट अंथरता अंथरता म्हणाल्या, "दोनदा घेतली."

*

क्लासमध्ये फोन चालत नाहीत. ते सगळे केटररच्या मोठ्या तपेल्यात ठेवायचे आणि वर झाकण. एका शवासनात तपेलं एकाएकी असं घणघणलं, की मी थेट आपांच्या अंगावर!

माझाच फोन होता. आपांनी तो बाहेर काढला आणि बंद करायच्या नादात स्पीकर लावला. हॉलभर संपादक मॅडमचा आवाज घुमला, "अगं, हत्ती झोपला का?"

आपा बंद करायचं बटण शोधत राहिल्या, आवाज चालूच.

"हे बघ, बाकीची चित्रं सुंदर आहेत. पण सोमवारपर्यंत हा झोपला नाही, तर शेवटचं पान मला दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागेल. पर्याय नाही गं."

फोन बंद झाल्यावर देशमुख काकू उठून बसल्या. "कुणाचा हत्ती?"

मग सांगावंच लागलं. सांगताना नाक वाहायला लागलं. फोनवरचे सगळे हत्ती दाखवले. काकूंनी चष्मा लावून एकेक पाहिला. "ह्यो झोपल्याला नाय गं माय. ह्याला कुणीतरी दम दिलाय, म्हणून डोळे मिटलेत."

कुसुमताईंनी फोन हातात घेतला, एकदा हत्तीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाल्या, "शवासनात तू अशीच दिसतेस."

*

त्या दिवसापासून हत्ती सगळ्यांचा झाला. जिन्यात भेटलं की पहिला प्रश्न, "झोपला का?"

काकूंनी घरून तूप आणि काशाची वाटी आणली. तळपायाला तूप लावून वाटीनं घासलं की गाढ झोप येते म्हणे. वाटी पायाला लागते न लागते तोच मला अशा गुदगुल्या झाल्या, की लाथेसरशी वाटी उडून खुर्च्यांवर आदळली. ठणठणाट झाला, आणि मी पुन्हा दचकले! काकू म्हणाल्या, "हिच्यापरीस म्हस बरी. धार काढताना उभी तरी ऱ्हाती."

आपा म्हणाल्या, "मेरे कू देखके निकाल. मैं सोती हूं." आणि कुशीवर निजल्या. मी वही काढली. "नाक जरा छोटा निकालना हं बेटा," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आणि ते मिसेस जाधवचा ड्रेस आज द्यायचाय, याद दिला देना. आणि मेरा पेट इतना मत दिखा."

हत्ती झोपलेला आला नाही. तोंड उघडून बोलणारा आला!

*

रविवार उजाडला. हॉलमध्ये दहा वाजता कुणाचा तरी साखरपुडा होता, पण त्याआधी आटोपशीर क्लास घ्यायची परवानगी ताईंनी काढली होती. शनिवारचा अख्खा दिवस घालवून मी आणखी चार हत्ती फाडले होते. जिना चढतानाच ठरवून टाकलं, उद्या मॅडमना फोन करायचा. शेवटचं पान द्या दुसऱ्या कुणालाही. ते ठरल्यावर जरा रडू आलं, मग तेही थांबलं.

शवासनाला मी भिंतीकडच्या कोपऱ्यात आडवी झाले. ताई म्हणाल्या, "पाय सैल. हात सैल. जबडा सैल." एवढंच ऐकल्याचं आठवतं.

जाग आली ती मोगऱ्याच्या वासानं. कुठंतरी कपबश्यांचा बारीक आवाज होता, खूपशी माणसं एकदम कुजबुजत होती. अंगावर जरीच्या काठाची शाल होती. माझी नव्हती.

मी मान वळवली. शेजारी आपांच्या मॅटवर एक मुलगी झोपली होती. मोरपिशी पैठणी, वेणीवर गजरा, मेंदीचे हात पोटावर, तोंड किंचित उघडं. गाढ झोपेत!

पायथ्याशी खुर्ची टाकून एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ. पडून ऱ्हा माय. मुलाकडचे अजून यायचेत."

मी दचकले नाही. हे माझ्या लक्षात आलं तेसुद्धा घरी गेल्यावर. तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटले.

झालं काय, ते आपांनी मागाहून सांगितलं. मुलीकडची मंडळी वेळेवर आली. डेकोरेशनवाला म्हणाला, या बाईंना उठवा. कुसुमताई म्हणाल्या, नाही उठवणार, इथला नियम आहे. आवाज चढायला लागले, तशी नवरीची आजी पुढं आली. "पोरीला काय झालं? आजारी हाय का?"

देशमुख काकू म्हणाल्या, "आजारी नाय. बाळंतबी नाय. निस्ती झोपली."

एवढ्यात फोन आला, मुलाकडच्यांच्या गाड्या क्रांती चौकात अडकल्यात, वेळ लागेल. पाहुणे घड्याळं बघायला लागले. पण नवरी मात्र माझ्याकडंच बघत राहिली होती. आठवडाभर तिला धड झोप नव्हती. तिनं हळूच विचारलं, "मी पण जरा टेकू?"

कुसुमताईंनी तिथल्या तिथं दुसरी मॅट उलगडली. "सरका, सरका. मागं जागा आहे."

घरी आले ती कपडे न बदलता टेबलाशी बसले. खांदे जागच्या जागी होते. दुपार टळेपर्यंत पान झालं. फोटो काढून मॅडमना पाठवला आणि वरण-भात खायला बसले.

फोन वाजला. "झोपला गं! काय झोपलाय! बघता बघता मलाच जांभई आली." मॅडमनी खरंच एक जांभई दिली. "पण एक विचारू? गोष्टीत तर हत्ती एकटाच आहे. ही शेजारी पैठणी नेसून झोपलेली हत्तीण कोण?"

मी घास गिळला.

"शूऽऽ, मॅडम," मी म्हटलं. "मुलाकडचे अजून यायचेत."