पाच गिलास गूळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी चोरून खाल्लेले पेढेसुद्धा सांगते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या मोहाडीचे नाही. उद्या बाजारात गाठ पडायची नाही.

आमच्या आळीत अनारसे म्हणजे मी. धोंड्याचा महिना लागला, की ज्यांच्याकडे जावई येणार त्यांचा मला फोन. वाणाचे तेहेतीस अनारसे, एकही फसत नाही. "सुमनबाईच्या हाताले गुण हाय," म्हणतात. मी लाजते. लाजायला मला छान जमतं.

पण वनिताचं ऐका. वनिता माझी धाकटी जाऊ, शहापूरची. लग्नाला चार महिने झाले होते तिच्या. नणदेचे यजमान धोंड्याचं वाण घ्यायला यायचे होते. तांदूळ भिजवणं, सावलीत सुकवणं, कुटणं, चाळणं — सगळं तिनं केलं, गुणगुणत. गूळ तेवढा माझ्याकडे. सासूबाई म्हणाल्या, "पीठ आनि गूळ वजनात बरोबर ठेवजो. दुकानात काट्यावर तोलून आन."

दुकान रस्त्यापलीकडेच. किती पावलं? पण ऊन होतं, आणि मला — काय सांगू — कंटाळा आला. पीठ पाच गिलास भरलं, म्हणून गूळही पाच गिलास घेतला, वरून अंगठ्यानं दाबून दाबून. बरोबर म्हणजे बरोबरच ना? आता कळतं. चाळलेलं भुसभुशीत पीठ आणि ठासलेला गूळ, एकाच गिलासात दोघांचं वजन सारखं कसं येईल? गूळ जवळजवळ दुप्पट पडला होता.

पीठ मुरायला ठेवलं. सहाव्या दिवशी जावई ओसरीवर बसलेले, कढईत पहिला अनारसा सोडला — आणि तो विरघळून तुपात नुसती जाळी पसरली. दुसरा तसाच, तिसरा तसाच. सासूबाईंनी कढईकडे पाहिलं, मग वनिताकडे. "तांदूळ ओला राहिला तुया. अनारशाले हात लागते, बाई."

मला तेव्हाच कळलं होतं का? हो. गूळ दाबून दाबून दुखलेला अंगठा आठवला मला. एक वाक्य बोलायचं होतं — किती वेळ लागतो? मी झारा धुवायला घेतला. जावयांना शिरा वाढला.

तेव्हापासून पंचवीसेक वर्षं वनितानं अनारशाच्या पिठाला बोट लावलेलं नाही. खसखस निवडायची, भांडी घासायची, आणि स्वतःचीच थट्टा करायची. मी मात्र पुढच्या खेपेपासून गुपचूप दुकानात जाऊन तोलून आणू लागले. हाच तो माझ्या हाताचा गुण. आता तर पोह्यांच्या डब्यामागे छोटा वजनकाटाच लपवलेला आहे.

यंदा वनिताच्या लेकीचा पहिला धोंड्याचा महिना. वनिता माझ्याकडे आली नि म्हणाली, "ताई, तुमीच करून द्या. माया हात लागला तं जावई उपाशी जाईन." आणि हसली. मला ते हसणं सोसवलं नाही. पदराखाली काटा घेतला आणि तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. म्हटलं, तोल तू, मळ तू, तळ पण तूच.

काय सांगू तळणीच्या दिवसाचं! तेहेतीसच्या तेहेतीस — जाळीदार, खुसखुशीत, खसखस जागच्या जागी. वनिता झारा घेऊन नाचायचीच बाकी होती. शेजारणींना हाका मारल्या, लेकीला ओढत आणलं, आणि सगळ्यांसमोर पहिला अनारसा माझ्या तोंडात कोंबला. "पाहा वं, ताईच्या हाताचा गुण मले लागला!" मी हसता हसता रडले. इतका आनंद मला माझ्या लेकाच्या लग्नातही झाला नव्हता.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात अनारसा होता, खरंय — पण अनारसा गिळायला कितीसा वेळ लागतो? गिळून झाला. शेजारणी माझीच तारीफ करत होत्या. मी दुसरा घेतला.

वनिताचं पीठ तेव्हाही बरोबर होतं. गूळ मी घेतला होता.